प्लग लावला तरच

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतून अमरावतीच्या राजापेठेत, इर्विन चौकात किंवा सातुर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणाऱ्याची गाडी दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटर धावते. नोकरी नांदगावपेठला असेल तर हा आकडा पन्नासच्या घरात जातो. याच माणसाला वर्षातून काही वेळा अकोला-नागपूर गाठायचे असते, लग्नसराईत यवतमाळ-वाशीमकडे जायचे असते, पावसाळ्यात चिखलदऱ्याला आणि एखाद्या वेळी थेट पुण्याला. रोजचा प्रवास लहान आणि अधूनमधूनचा मोठा, या दुहेरी गरजेसाठीच जगातल्या मोटार कंपन्यांनी प्लग-इन हायब्रिड हा प्रकार तयार केला. साधारण दहा ते पंचवीस युनिट वीज साठवणारी बॅटरी, घरच्या प्लगवर ती भरण्याची सोय, त्या विजेवर पन्नास ते ऐंशी किलोमीटर धाव, आणि ती संपली की बॉनेटखालचे पेट्रोल इंजिन. चीनच्या बीवायडीने २००८ च्या अखेरीस असा पहिला कारखानी नमुना बाजारात आणला. २०१३ च्या सुरुवातीला जपानमध्ये मित्सुबिशीची आउटलँडर आली आणि हे तंत्र एसयूव्हीच्या उंच, जड देहात जाऊन बसले. २०२० मधल्या टोयोटाच्या रॅव्ह-४ प्राइमची बॅटरी १८.१ युनिटांची होती आणि अमेरिकी सरकारी मोजणीनुसार ती केवळ विजेवर ६८ किलोमीटर जात असे. बडनेऱ्याच्या रोजच्या गरजेच्या मानाने हे अंतर दुपटीहून जास्त आहे.

शोरूममध्ये ‘हायब्रिड’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, त्यामुळे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस या आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या गाड्या स्ट्राँग हायब्रिड आहेत. त्यांची बॅटरी दोन युनिटांहूनही लहान असते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा आणि इंजिनाची जास्तीची ताकद यांवरच ती भरते, बाहेरून वीज घेण्याची सोय तिच्यात नसते. म्हणजे अशी गाडी शेवटी पेट्रोलवरच चालते, फक्त ते फार काटकसरीने जाळते. प्लग-इन गाडीचे तसे नाही. ती भिंतीतून वीज घेते आणि घेतली तरच तिला अर्थ असतो. भारतात या प्रकारातल्या गाड्या आजवर आल्या त्या व्होल्वोची एक्ससी-९० टी-८, बीएमडब्ल्यूची एक्सएम, पोर्शची कायेन यांसारख्या. एक्सएम २०२२ च्या डिसेंबरात आली तेव्हा तिची किंमत अडीच कोटींच्या पुढे होती. मध्यमवर्गाला परवडेल अशी प्लग-इन एसयूव्ही बाजारात रुळलेली नाही. तरीही हा विषय बडनेऱ्यात बसून विचारात घेण्यासारखा आहे. अशा गाड्या भारतात आणण्याच्या हालचाली सुरू आहेत, २०२५ च्या जानेवारीतल्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात बीवायडीने सीलायन-६ ही प्लग-इन एसयूव्ही मांडली होती, आणि जुन्या बाजारात आलिशान प्लग-इन गाड्या आता निम्म्याहून कमी किमतीत फिरू लागल्या आहेत. शिवाय या गाडीचा हिशेब नीट केला की पूर्ण इलेक्ट्रिक घ्यावी की स्ट्राँग हायब्रिड, या आजच्या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर हाती लागते.

माझे म्हणणे असे की या गाडीचा गुण यंत्रात नाही, मालकाच्या सवयीत आहे, आणि तिची परीक्षा अंगणातल्या प्लगवर होते. हे म्हणायला युरोपातला पुरावा भरपूर आहे. तिथे दहा-बारा वर्षे सरकारांनी या गाड्यांना करसवलती दिल्या. कागदावर त्यांचे आकडे थक्क करणारे होते, कारण प्रयोगशाळेतल्या चाचणीत बहुतेक अंतर विजेवर कापले जाईल असे गृहीत धरलेले असे. २०२१ पासून युरोपात नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष इंधनखर्च नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने ती आकडेवारी जाहीर केली. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सुमारे साडेतीनपट निघाले. त्याआधी २०२२ मध्ये आयसीसीटी ही स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणारी संस्था आणि जर्मनीची फ्राउनहोफर संस्था यांनी हजारो गाड्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. खासगी मालकांच्या गाड्या निम्म्याहून थोडे कमी अंतर विजेवर धावत होत्या, तर कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेल्या गाड्या जेमतेम ११ ते १५ टक्के. फरक यंत्राचा नव्हता. दोघांकडे गाड्या त्याच होत्या. कंपनीच्या गाडीत पेट्रोलचे बिल कंपनी भरते आणि घरच्या विजेचे बिल कर्मचारी, मग प्लग कोण लावणार? ब्रिटनमध्ये तर भाडेकराराची मुदत संपून परत आलेल्या काही गाड्यांत चार्जिंगची केबल वेष्टनासकट पडून असल्याचे आढळले होते.

हा पुरावा पुढे करून प्लग-इन हायब्रिड म्हणजे निव्वळ फसवणूक असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो घाईचा वाटतो. युरोपातल्या लोकांनी प्लग का लावला नाही, याची कारणे एकेक करून वऱ्हाडात तपासली पाहिजेत. तिथल्या शहरांत असंख्य लोक सदनिकांत राहतात आणि गाडी रस्त्याच्या कडेला लावतात, प्लग असतो तिसऱ्या मजल्यावर. मुंबई-पुण्याचीही हीच गत आहे, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत चार्जिंगचा ठराव मंजूर करून घेणे हे गाडी घेण्याहून अवघड काम होऊन बसते. बडनेऱ्याची जुनी वस्ती दाट आणि गल्ल्या अरुंद, हे खरे. पण नवी वस्ती, साईनगर आणि अमरावती रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाढलेल्या लेआउटमध्ये अजून स्वतंत्र घर, फाटक आणि फाटकाच्या आत गाडीपुरती जागा हा रिवाज टिकून आहे. गाडी रात्री जिथे उभी राहते तिथून मीटरची पेटी हाकेच्या अंतरावर असते. दुसरे कारण थंडीचे. युरोपच्या हिवाळ्यात केबिन गरम करण्यासाठी कित्येक प्लग-इन गाड्यांचे इंजिन बॅटरी भरलेली असतानाही सुरू होते. आपल्याकडे तो प्रश्नच उद्भवत नाही. तिसरे कारण बिलाचे. इथे पेट्रोलचे पैसे सहसा मालकाच्याच खिशातून जातात. अर्थात मोठ्या एसयूव्ही फर्मच्या नावावर घेऊन घसारा आणि इंधन दोन्ही खर्चात दाखवण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. अशा मालकाने ही गाडी घेतली तर तो युरोपातल्या त्या कर्मचाऱ्यासारखाच वागेल, यात मला शंका नाही.

चार्जिंग म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर महामार्गावरचे जाडजूड केबलचे यंत्र येते. प्लग-इन हायब्रिडला त्याचा फारसा उपयोग नसतो, कारण यातल्या बहुतेक गाड्या डीसी जलद चार्जिंग स्वीकारतच नाहीत. त्यांचे सारे आयुष्य घरच्या एसी विजेवर जाते आणि त्यासाठी भिंतीवर महागडा बॉक्स बसवलाच पाहिजे असेही नाही. गिझर किंवा एसीसाठी वापरतो तो १६ अँपिअरचा पॉवर प्लग पुरतो. त्यावरून दोन-सव्वादोन किलोवॅटने वीज घेतली तरी रिकामी १८ युनिटांची बॅटरी आठ-नऊ तासांत भरते. रोज ३० किलोमीटर चालणाऱ्याला मात्र तेवढेही लागत नाही. एसयूव्हीच्या आकाराची गाडी एका युनिटात साधारण पाच किलोमीटर जाते, चार्ज होतानाची गळती धरली तर ३० किलोमीटरला सुमारे सात युनिट. म्हणजे तीन-साडेतीन तास. वीज मध्येच गेली, रात्री दोनला परत आली, तरी सकाळी गाडी तयार असते. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीची साठ-सत्तर युनिटांची बॅटरी एका रात्रीत भरायची तर घरातले वायरिंग, मंजूर भार, कदाचित थ्री-फेज, हे सगळे प्रश्न उभे राहतात. छोट्या बॅटरीचा हा साधेपणा तिच्या बाजूने नोंदवायला हवा.

मात्र त्या पॉवर प्लगमागे काय आहे हे पाहिल्याशिवाय गाडीची केबल त्यात खुपसू नये. गिझर पंधरा मिनिटे चालतो, गाडी तासन् तास सलग प्रवाह ओढते. स्वस्त सॉकेटचे सैल टोक तेवढ्यात तापून वितळू शकते. त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी हवे. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अर्थिंग. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते कमकुवत असेल तर लाल दिवा दाखवून वीज घ्यायचे नाकारतो. वऱ्हाडात ही तक्रार उन्हाळ्यात वाढण्याची शक्यता अधिक, याचे कारण आपल्या पायाखाली आहे. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आक्रसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. अर्थिंगच्या पाइपभोवतालची माती अशी सुटली आणि कोरडी पडली की जमिनीचा रोध वाढतो, जानेवारीत उत्तम चाललेला चार्जर मेमध्ये रुसतो. जुन्या वायरमनांचा अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकण्याचा आग्रह शास्त्राला धरूनच आहे. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात अडचण उलट बाजूने येते. तिथली क्षारयुक्त ओली जमीन वीज छान वाहून नेते, पण लोखंडी पाइप लवकर खाऊन टाकते. गाडीवर लाखो रुपये खर्च करणाऱ्याने खड्डा नव्याने खणून, तांब्याचा मुलामा असलेला रॉड घालून अर्थिंग मोजून घ्यावे. एकूण व्यवहारातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळला जाणारा खर्च आहे.

आता बिल. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि १०० युनिटांच्या पुढचा ऊर्जा आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक आहे, ३०० च्या पुढे आणखी वर. ‘युनिटला पाच-सहा रुपये’ धरून केलेले विक्रेत्याचे गणित इथेच फसते, कारण गाडीची वीज नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसते. ज्या घरात आधीच १५० युनिट जळतात तिथे महिन्याला ७५० किलोमीटरसाठी आणखी १७०-१७५ युनिट लागतील, आणि त्या वाढीव युनिटांचा दर सगळे आकार धरून बारा रुपयांच्या आसपास समजलेला बरा. म्हणजे दोन हजारांहून थोडे जास्त. त्याच अंतराला लिटरमागे १२ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल एसयूव्हीला १०५ रुपये दराने साडेसहा हजार लागतात. इथवर ऐकून माणूस खूश होतो. पण खरी तुलना तिच्याशी नाही, स्ट्राँग हायब्रिडशी आहे. तिने लिटरमागे २० किलोमीटर दिले तर खर्च चार हजारांच्या आत येतो. म्हणजे रोज न चुकता प्लग लावण्याचा मोबदला महिन्याला दोन हजारांहून कमी, वर्षाला बावीस-तेवीस हजार. आठ वर्षांत पावणेदोन-दोन लाख. प्लग-इन गाडी स्ट्राँग हायब्रिडपेक्षा यापेक्षा जास्त महाग असेल तर पैशाच्या दृष्टीने ती घेण्याला कारण उरत नाही. बिल थोडे खाली आणण्याचे मार्ग आहेत. २०२४ च्या केंद्रीय नियमांनी वाहन चार्जिंगसाठी घरी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे काही पैशांची सूटही मिळते. पण नोकरदाराची गाडी त्या वेळी अमरावतीत उभी असते. ही सूट घेऊ शकेल तो घराखालीच दुकान असलेला व्यापारी किंवा निवृत्त माणूस.

करांकडे पाहिले की हे गणित आणखी अवघड होते. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटी रचनेत चार मीटरहून लांब किंवा १२०० सीसीहून मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या गाडीला, ती हायब्रिड असली तरी, ४० टक्के कर आहे. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के. करापूर्वी २० लाखांच्या दोन गाड्या घ्या. इलेक्ट्रिक २१ लाखांना पडेल, प्लग-इन हायब्रिड २८ लाखांना. त्यावर महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीचा १३ टक्के वाहनकर म्हणजे आणखी साडेतीन लाखांहून जास्त. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात इलेक्ट्रिक गाडीला हा कर माफ आहे, वर समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलही नाही. हिरवी पाटीही केवळ बॅटरीवर चालणाऱ्या वाहनालाच. करापूर्वी सारख्याच किमतीच्या दोन गाड्यांत दहा लाखांचा फरक निव्वळ करांनी पाडला. पेट्रोल वाचवून हा फरक भरून काढायला बडनेऱ्याच्या माणसाला दोन पिढ्या गाडी चालवावी लागेल.

सरकारचे यात सर्वस्वी चुकले असे मला म्हणता येत नाही. युरोपने आधी सवलती वाटल्या आणि केबल वेष्टनात राहिल्या, ते पाहून कोणीही सावध होईल. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन दोन्ही हायब्रिडना नोंदणी करात माफी दिली, तीही गाडी घेतानाच. घेतल्यावर ती विजेवर धावते की पेट्रोलवर, हे विचारण्याची सोय त्यात नव्हती. पण सवलत नाकारणे हा एकमेव पर्याय नाही. युरोपात गाडी स्वतःच विजेवरचे आणि पेट्रोलवरचे किलोमीटर वेगळे नोंदवते. तशी नोंद इथे सक्तीची करून, वर्षाअखेरी निम्म्याहून जास्त अंतर विजेवर कापणाऱ्याला वाहनकराचा काही भाग परत देता येईल. वापराला बक्षीस दिले तर प्लग लावला जाईल. केवळ खरेदीला दिले तर शोरूमचा खप वाढेल, एवढेच.

इतके सगळे करण्यापेक्षा सरळ पूर्ण इलेक्ट्रिक का घेऊ नये, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि बडनेऱ्यात त्याचे वजन आणखी वाढते. महिंद्राच्या चाकणमध्ये बनणाऱ्या बीई-६ आणि एक्सईव्ही-९ई या गाड्या ५९ आणि ७९ युनिटांच्या बॅटऱ्या घेऊन आल्या आहेत. एवढ्या बॅटरीत अकोला जाऊन-येऊन होते, नागपूरलाही एका दमात पोचता येते. राहिला पुण्याचा सहाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पण बडनेरा हे हावडा-मुंबई मुख्य मार्गावरचे जंक्शन आहे. रात्री गाडीत बसून सकाळी पुण्या-मुंबईत उतरण्याची सवय इथल्या घरांना पिढ्यान् पिढ्या आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीचा बेलोऱ्याचा विमानतळही सुरू झाला. ज्या लांब प्रवासाच्या धास्तीने माणूस दोन यंत्रांची गाडी घ्यायला निघतो तो प्रवास तो बहुधा रेल्वेनेच करणार असतो. वर्षातून दोनदा लागणाऱ्या सोयीसाठी एक आख्खे इंजिन, त्याचे ऑइल, फिल्टर, सायलेन्सर रोज बाजारात फिरवत राहायचे, यात हिशेबीपणा नाही. ज्याचे काम धारणी-मेळघाटात, मेहकर-लोणारकडे किंवा आदिलाबादच्या दिशेने गावोगाव फिरण्याचे आहे, ज्याचा दिवस कुठे मावळेल हे सकाळी ठरलेले नसते, त्याच्यासाठी इंजिनाचा आधार अजून खरा आहे. बियाण्यांचा प्रतिनिधी, कंत्राटदार, फिरता पशुवैद्य. पण असा माणूस बॅटरी सकाळीच संपवून उरलेला दिवस पेट्रोलवर काढणार. त्याला स्ट्राँग हायब्रिडच शोभते.

विजेवर चालली म्हणजे गाडी निर्मळ झाली, हा समज या भागात तरी ठेवू नये. नांदगावपेठच्या औष्णिक केंद्रात २७० मेगावॅटचे पाच संच आहेत, अकोला जिल्ह्यात पारसला अडीचशेचे दोन. अमरावती-अकोल्याच्या माणसाला आपल्या प्लगमागचा कोळसा शोधायला लांब जावे लागत नाही. देशाच्या ग्रिडमधले एक युनिट तयार होताना सरासरी सातशे ग्रॅमहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलोमीटरला गळतीसह २३ युनिट धरले तर साडेसोळा किलो. पेट्रोलचे एक लिटर जळताना २.३ किलो सुटतो, म्हणजे १२ चे मायलेज देणारी एसयूव्ही त्याच अंतरात १९ किलो सोडते आणि २० चे मायलेज देणारी स्ट्राँग हायब्रिड साडेअकरा. पेट्रोल शुद्ध करण्याचा आणि वाहून आणण्याचा वाटा तिच्या खात्यात टाकला तरी जड प्लग-इन एसयूव्ही ग्रिडच्या विजेवर आज तिच्यापेक्षा स्वच्छ ठरत नाही. राजापेठ चौकातला धूर कमी होतो, हे खरे आहे आणि ते लहान नाही, पण तो नांदगावपेठच्या चिमणीकडे सरकतो. चित्र पालटते ते छतावर. वऱ्हाडाला ऊन कमी नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे आणि असा संच चांगल्या दिवशी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. गाडीच्या रोजच्या सात युनिटांना तो पुरून उरतो. छतावर पॅनेल नसेल तर प्लग-इन गाडी घेताना पर्यावरणाचे नाव पुढे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच उन्हाची दुसरी बाजूही आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की एसीचा कॉम्प्रेसर दीड-दोन किलोवॅट ओढतो. गर्दीतून ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला चाकांसाठी तासाला पाच युनिट लागत असतील तर एसी त्यात आणखी दीड-दोन युनिटांची भर घालतो, आणि कागदावरची ६५ किलोमीटरची धाव पन्नासच्या खाली येते. बडनेरा-अमरावतीला तरीही पुरते. काळजी बॅटरीच्या आयुष्याची करावी लागते. मोठ्या बॅटरीची गाडी काही दिवसांतून एकदा भरावी लागते, लहान बॅटरी रोज. तेवढ्याच अंतरासाठी १८ युनिटांच्या बॅटरीला ६० युनिटांच्या बॅटरीच्या तिपटीहून अधिक आवर्तने पडतात, आणि लिथियमच्या पेशीला गरम अवस्थेत तुडुंब भरून ठेवणे मानवत नाही. भर दुपारी उन्हात तापून आलेली गाडी लगेच प्लगला लावू नये. पहाटे चारला चार्जिंग सुरू होईल अशी वेळ लावावी, गाडी निघण्याच्या सुमारास भरलेली मिळते आणि तोवर अंगणही निवलेले असते. केबल जोडलेली असतानाच केबिन थंड करून घेतले तर तेवढी वीज बॅटरीतून जात नाही.

चिखलदऱ्याच्या वाटेवर मात्र ही गाडी आपले कसब दाखवते, आणि ते मालकाला ठाऊक नसले तर वाया जाते. परतवाड्यापासून चिखलदऱ्याची चढण साधारण ७०० मीटर उंचीची. माणसांसह सव्वादोन टनांच्या जवळ जाणारी गाडी तेवढी वर न्यायला निव्वळ उंचीपोटीच सव्वाचार युनिट लागतात, घर्षण आणि गळती वेगळीच. बहुतेक जण घरून भरलेली बॅटरी अमरावती-परतवाडा या सपाट रस्त्यावर संपवतात आणि घाटात इंजिनाला धापा टाकायला लावतात. करायला हवे उलटे. सपाट रस्त्यावर एका वेगाने चालताना पेट्रोल इंजिन आपल्या सर्वोत्तम कार्यक्षमतेजवळ असते, तेव्हा बॅटरी राखून ठेवण्याचे बटण दाबावे आणि ती वीज घाटात खर्चावी. वर पोचताना बॅटरी रिकामी असणे फायद्याचेच, कारण उतरताना मोटर जनित्रासारखी चालून ब्रेकचे काम करते आणि चढणीतला निम्म्याच्या आसपास भाग परत मिळवते. भरलेल्या बॅटरीला ही परतफेड साठवायला जागाच नसते.

शेवटी जुन्या बाजारातल्या गाड्यांविषयी, कारण बडनेऱ्यात प्लग-इन एसयूव्ही आलीच तर ती बहुधा मुंबई-पुण्याच्या पहिल्या मालकाकडून येईल. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी खचली की ते लपत नाही, गाडी अंतरच कापत नाही. प्लग-इन हायब्रिडमध्ये इंजिन सारे झाकून नेते. चाचणीच्या फेरीत गाडी सुरेख पळते, एसी गार असतो, आणि विजेवर ती बारा किलोमीटर जाते की पन्नास हे कोणी विचारत नाही. म्हणून आदल्या रात्री पूर्ण चार्ज करवून घ्यावी, इंजिन बंद ठेवण्याच्या मोडवर घालावी आणि पहिल्यांदा इंजिन सुरू होईपर्यंतचे किलोमीटर मोजावेत. ते नव्या गाडीच्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांहून कमी भरले तर कंपनीच्या केंद्रातून बॅटरीच्या तब्येतीचा लेखी अहवाल मागावा आणि बॅटरीची हमी, जी सहसा आठ वर्षांची असते, ती नव्या मालकाच्या नावे चालू राहते का हे पाहावे. टाकीतले पेट्रोल किती जुने आहे तेही विचारावे. प्रामाणिकपणे प्लग लावणाऱ्याच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून राहते, आणि आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला हवेतली ओल लवकर लागते. अशा मालकाने टाकी पूर्ण भरूच नये, दहा-पंधरा लिटर ठेवावे आणि महिन्यातून एकदा अकोल्याच्या रस्त्यावर इंजिन तासभर मोकळे धावू द्यावे.